नळदुर्गचा वळीव आणि अंदाजातला 'तुरळक'

मे महिन्यातला रविवार, सोलापूरहून नळदुर्गचा किल्ला बघायला जायचं ठरलं. सोलापूर, धाराशिवला यलो अलर्ट: 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वारे ताशी ४० ते ५० किमी.' दाजी म्हणाले, "तुरळक म्हणजे आपल्याला नाही बघा." इथंच फसलो. तुरळक म्हणजे थोडका पाऊस नव्हे. फार तर पाव भागात पडेल, एवढंच. जिथं पडेल तिथं झोडपणारच.

त्यात दाजींचं आवरून बुलेट निघेपर्यंत अकरा वाजले. तुम्ही सहालाच निघा. नळदुर्ग पंचेचाळीसेक किलोमीटर, हैदराबाद रोड उत्तम. किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या भिंतीत बांधलेला पाणीमहाल बघा, पण बोरी नदीला पाणी नसताना त्या बंधाऱ्यावरून पडणाऱ्या नर-मादी धबधब्यांची आशा धरू नका. शेंगाचटणी-भाकरी सोबत घ्या.

साडेतीनला आम्ही उपळी बुरुजावर. पश्चिमेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग वर चढत होता. बघता बघता त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला. असा ढग दिसला की फोटो राहू द्या, आधी बुरूज उतरा. वीज पडायची तर किल्ल्यात सगळ्यात उंच तुम्हीच असता. खाली दगडी खोलीत थांबलो. पंचवीस मिनिटांत पाऊस संपला, ऊन पडलं.

एकांड्या ढगाचं असंच असतं. त्याच्याच पावसाबरोबर गार हवा खाली येते आणि त्याची रसद तोडते; अर्ध्या-एक तासात खेळ खलास. आम्ही खूश होऊन निघालो. पण तीच गार हवा जमिनीलगत पसरत पुढची तापलेली हवा वर ढकलते आणि शेजारी नवा ढग उभा राहतो. आमचा वळीव या साखळीतला निघाला.

परतीच्या वाटेवर बोरामणी गावाच्या अलीकडे वारा एकदम गार झाला, मातीचा वास आला, मग धुळीची भिंतच. वीज चमकल्यावर मोजलं: सहा सेकंदांनी गडगडाट. तीनानं भागा, दोन किलोमीटर. लिंबाखाली चार-पाच दुचाकीवाले उभे होते. झाडाखाली अजिबात नको. हाका मारून त्यांनाही एका पक्क्या दुकानात घेतलं. हरभऱ्याएवढ्या गारा पडल्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबलो. दाजी तेवढा वेळ कुरकुरत होते.

क्षितिजभर काळा पट्टा सरकत येताना दिसला तर ती ढगांची रांग. तिथं पावसाआधी वारा आडवा करतो, तेव्हा गाडी चालवूच नका. स्वतःभोवती फिरणारा महाढग आपल्याकडे विरळाच. मोबाईलवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप ठेवा, आणि सकाळच्या अंदाजावर दिवस काढू नका. हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा दुपारी पुन्हा बघा.

सोलापुरात मार्केट यार्डापाशी आलो तर रस्ता कोरडा ठणठणीत. दारात चिंब आम्हाला बघून आई म्हणाली, "विहिरीत पडलात काय रे?"