पोस्टमन काकांच्या पावसाच्या वह्या पेपरात लागल्या त्याची गोष्ट

पोस्टातून निवृत्त झालेले आमच्या गावातले एक काका 1992 पासून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतात. हवामान खात्याची वेळही तीच. वर्षाला एक, अशा तेव्हा 31 वह्या झाल्या होत्या. एवढं असूनही बातमी लागायला दोन प्रयत्न लागले.

पहिली प्रेसनोट आम्ही ग्रामपंचायतीतर्फे काकांच्या सत्काराची दिली. सुरुवात ‘मान्यवरांच्या हस्ते’, सरपंचांपासून सूत्रसंचालकापर्यंत 14 नावं आणि वह्या सातव्या ओळीत. ‘संक्षिप्त’मध्ये चार ओळी आल्या, वह्या गळाल्या. जागा कमी पडली की डेस्कवर मजकूर खालून कापतात. पहिल्या दोन वाक्यांत जे नाही, ते छापून येणारच नाही असं धरून लिहावं.

नुसतं ‘आगळंवेगळं’ असून भागत नाही. तालुक्याच्या बातमीदाराला तसे फोन रोज येतात. त्याचे प्रश्न दोनच: वाचकाला त्याचं काय, आणि आत्ताच का? आमचं उत्तर वह्यांतच होतं. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं, पण आकडा महसूल मंडळाच्या पाऊस मोजण्याच्या केंद्रावरचा घेतात आणि एका मंडळात बरीच गावं येतात. केंद्रावर 40 आणि आमच्या शिवारात 80 पडला तर पीक झोपलं तरी कागदावर अतिवृष्टी नाही. काकांच्या वह्यांतून असे तीन दिवस काढले, शेजारी मंडळाचा आकडा लिहिला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर नोट दिली. सत्काराची बातमी शेतीची झाली.

मग हमखास येणारी शंका: मोजमाप खरं कशावरून? काकांच्या नरसाळ्याचं तोंड 16 सेंटिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 200 चौरस सेंटिमीटर. त्या हिशेबाने बाटलीत 20 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. बातमीदाराने पट्टी लावून तोंड मोजलं, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पाणी मोजलं, आणि बातमी तिथेच पक्की झाली. तपासून बघता येईल अशी एक तरी वस्तू समोर ठेवाच. ‘राज्यातले पहिलेच’ हे शब्द मात्र आम्ही आधीच खोडले होते. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी गावातून ‘आमच्याकडे 40 वर्षं मोजतात’ असा फोन आला की बातमीदाराचं तोंड कडू होतं, आणि पुढच्या वेळी तो आपला फोन उचलत नाही.

मजकूर 200 शब्दांच्या आत, युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे फॉन्ट नसेल तर नुसती चित्रविचित्र चिन्हं दाखवते, आणि पीडीएफ पुन्हा टाइप करत बसायला कुणाला वेळ नसतो. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका. व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत धुरकट येतो. फोटोओळीत डावीकडून नावं, पूर्ण. शाल-श्रीफळाची रांग कोणी लावत नाही. आमचा लागलेला फोटो होता उघड्या वहीवर टेकलेल्या काकांच्या बोटाचा. खाली अशा माणसाचा नंबर द्या, जो रात्री नऊलाही फोन उचलेल. उपसंपादकाची शंका त्याच वेळी निघते.

नोट दुपारी चारच्या आत गेलेली बरी, त्यानंतर जिल्ह्याची पानं भरत येतात. रविवार चांगला: सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे सोमवारच्या पानाला मजकूर हवाच असतो. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी टाळा. पेपरवाल्यांना सुट्टी, दुसऱ्या दिवशी बहुतेक दैनिकांचा अंकच नसतो.

द्यायची तर सगळ्यांना एकाच दिवशी, किंवा एकालाच. ‘फक्त तुम्हाला’ म्हणून चौघांना दिलेलं लपत नाही, सगळे बातमीदार एकाच टपरीवर चहा पितात. आम्ही एकालाच दिली, दोन दिवस थांबलो, ती लागल्यावर बाकीच्यांना पाठवली. आठवण एकदाच करावी, आणि ‘का लागली नाही?’ असं तर विचारूच नये. एका ठिकाणी ‘पुरवणीला जाहिरात देता का?’ असं सुचवलं गेलं. ग्रामपंचायतीकडे तरतूद नाही म्हणालो आणि विषय संपवला.

पेपर वाचून चॅनेलवाले आले. त्यांना मजकुरापेक्षा दृश्य लागतं, आणि त्या दिवशी आभाळ कोरडं. कॅमेरामन म्हणाला, तांब्याने नरसाळ्यात थोडं पाणी ओता. काकांनी तांब्या घेतला, त्यातलं पाणी प्यायले आणि कॅमेऱ्यासमोर वहीत लिहिलं: 0.0. तेच दृश्य टीव्हीवर दाखवलं.