अंगठा टेकवता येईल असं बटण

आईला पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. उजव्या हाताला कंप आहे, पण त्याची एक तऱ्हा आहे. हात कामात असला की कंप कमी, नुसता टेकवला की जास्त. चहाचा कप ती नीट उचलते. मांडीवर ठेवलेला हात मात्र थरथरत राहतो. तिच्यासाठी ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेताना सगळं या एका गोष्टीवर येऊन ठेपणार होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला चार महिने गेले.

आई वाचल्याशिवाय राहू शकत नाही. जाड कादंबऱ्या हातात पेलवेनात तेव्हा ती टॅबवर वाचू लागली. 2016 च्या डिसेंबरात ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या सेवेवर मराठी पुस्तकं आली, तेव्हापासून घेतलेली दीडेकशे पुस्तकं तिच्या खात्यात आहेत. पण टॅबच्या उजेडाने रात्री डोळे चुरचुरायचे, म्हणून ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा, रीडर घ्यायचं ठरलं.

आधी भाच्याकडचा टचचा रीडर आठवडाभर आणला. आई म्हणाली, "छान आहे गं, पण हे माझं ऐकत नाही." मी तिच्या शेजारी बसून नुसतं बघत राहिले. पान उलटायला तिने बोट पुढे केलं की ते बरोबर जागी पडायचं, पान एकदाच उलटायचं. अडचण वाचताना यायची. रीडर धरलेल्या हाताचा अंगठा कडेवर विसावलेला असायचा, तो थरथरत काचेवर यायचा आणि पान पुढे जायचं. कधी लागोपाठ दोन. अंगठा थोडा जास्त वेळ टेकला तर एखादा शब्दच निवडला जायचा आणि शब्दकोशाची चौकट उघडायची. ती बंद करायला पुन्हा टच. दहा मिनिटांत तिने रीडर बाजूला ठेवला. तेव्हाचा तिचा चेहरा मला बघवला नाही.

यात त्या यंत्राचा दोष नव्हता. आताच्या बहुतेक टच स्क्रीनला दाब लागतच नाही, त्वचेचा नुसता स्पर्श पुरतो. बटण दाबावं लागतं. म्हणजे बटणावर अंगठा ठेवून खुशाल बसता येतं, काचेवर ठेवून नाही. हलका, जलद टच हा इतरांसाठी गुण असेल. आमच्या घरी नेमका तोच नडत होता.

तरी मी आधी स्वस्तातले उपाय करून पाहिले. मागे पट्टा असलेलं कव्हर घेतलं. पकड सुधारली, अंगठा तिथेच. मग स्क्रीनला चिमट्यासारखा लावायचा रिमोट आणला. झोपून वाचणाऱ्यांना तो खरंच सोयीचा आहे. पण चिमटा लावणं हेच आईला जमेना, आणि चार्ज करायच्या दोन वस्तू वाढल्या त्या वेगळ्याच.

अक्षरं मोठी ठेवली तर किती वेळा पान उलटावं लागतं, तेही मोजलं. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांमुळे ओळींत अंतर लागतं. आईच्या आकारात सहा इंची पानावर साधारण साठ शब्द बसत होते. ऐंशी हजार शब्दांच्या कादंबरीला तेराशेहून जास्त पानं! इतक्या वेळा करायची गोष्ट हाताला सोपीच हवी.

बटणांचा रीडर म्हटल्यावर कोबो या दुसऱ्या कंपनीचा लिब्रा डोळ्यांसमोर आला. सात इंची, एका कडेला दोन बटणं, हातात उलटा धरला तर मजकूरही फिरतो. मला तो फार आवडला होता. पण किंडलवर घेतलेली पुस्तकं कोबोवर थेट उघडत नाहीत, आणि आईची दीडशे पुस्तकं सोडायची माझी तयारी नव्हती. ॲमेझॉनच्या स्वतःच्या पहिल्या, 2007 च्या किंडल रीडरला दोन्ही कडांना लांब बटणं होती. पुढे ती मागे पडली. बटणांचा शेवटचा किंडल म्हणजे ओॲसिस, तोही 2024 मध्ये बंद झाला. राहिला जुना बाजार.

पहिला ओॲसिस घेतला त्याचं खालचं बटण तीनदा दाबल्यावर एकदा चालायचं. परत केला. दुसऱ्या वेळी विकणाऱ्याच्या घरी जाऊन बसले. दोन्ही बटणं पन्नास-पन्नास वेळा दाबली, पांढऱ्या पानावर रेघ दिसते का ते पाहिलं, आणि रीडर आधीच्या खात्यातून काढून आईच्या खात्यावर चढवला, मगच पैसे दिले. जुना घेणार असाल तर हे शेवटचं चुकवू नका. आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेला असेल तर तुमचं खातं त्यावर चढत नाही.

घरी आल्यावर बटणांची अदलाबदल करून वरच्या बटणाने पान पुढे जाईल असं केलं, कारण आईचा अंगठा आपोआप वरच येतो. आणि पुस्तक उघडल्यावर मेनूमधून टच स्क्रीन बंद केला. आता काचेला कितीही हात लागला तरी पान हलत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून बारीक टक् आवाज आला. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. मी बाहेर येऊन पाहिलं तर अंगठा बटणावर होता, थरथरत होता, आणि आई वाचत होती.

दुपारी गोळीचा असर उतरला की ती रीडर फिरवून डाव्या हातात घेते. मजकूर आपोआप सुलटा होतो.