पोऱ्या गॅरेजवर ठेवताना

डॉन बॉस्को म्हटलं की आपल्याला माटुंग्याची शाळा आठवते. ती चालवणाऱ्या सलेशियन या ख्रिस्ती धर्मसंघाची सुरुवात मात्र इटलीतल्या तुरिन शहरात, खेड्यांतून मजुरीला आलेल्या पोरांपासून झाली. संघाचे संस्थापक जॉन बॉस्को (म्हणजेच डॉन बॉस्को) १८४१ मध्ये फादर झाले आणि १८४६ मध्ये वाल्दोक्को भागातली एक शेड घेऊन त्यांनी या पोरांना जागा दिली. संघ रीतसर उभा राहिला तो १८ डिसेंबर १८५९ रोजी.

या सगळ्यात सगळ्यात कामाची गोष्ट एक कागद आहे: सुतारकाम शिकणाऱ्या मुलासाठी ८ फेब्रुवारी १८५२ ला झालेला करार. मालकाने काम शिकवायचं, धंद्याबाहेरची कामं सांगायची नाहीत. चुकलं तर शब्दाने सांगायचं, हात उचलायचा नाही. मजुरी दरवर्षी वाढवायची, सुट्टीही द्यायची. खाली बॉस्कोंची स्वतःची सही. पुढच्याच वर्षी त्यांनी शिवणकाम आणि जोडेकामाचे स्वतःचे वर्कशॉप सुरू केले; बाहेरच्या मालकांवर सगळा भरवसा ठेवता येत नव्हता.

आता सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडून जळगाव-भुसावळच्या गॅरेजवर येणारं पोरगं घ्या. बोली सगळी तोंडी. वर्षभर चहा आणायचा, पार्ट डिझेलने धुवायचे, पाना हातात येतच नाही. म्हणून कागद करा, साधा चालेल. कोणत्या महिन्यापर्यंत काय शिकवणार (पंक्चर, ब्रेक, मग इंजिन), पगार किती आणि कधी वाढणार, राहायचं कुठे, हे त्यात हवं. वय आधी तपासा. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, अठराच्या आत धोक्याचं काम चालत नाही.

आयटीआय जमत असेल तर तेच बरं. वेल्डर एक वर्षाचा, फिटर दोन वर्षांचा. अडतं ते हजेरीवर. प्रवेश पावसाळ्यात होतो आणि दिवाळीनंतर घर ऊसतोडीला निघतं. पोरगं सोबत गेलं की हजेरी ८० टक्क्यांखाली जाते आणि परीक्षा हुकते. त्यामुळे फीआधी होस्टेलची सोय बघायची. दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. तो ऐन प्रवेशाच्या वेळी मिळत नाही. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आईबाप गावात असतात, तेव्हाच अर्ज टाकून ठेवायचा.