निलांगासाठी येऊर: जानेवारीतली फेरी

हिमालयात साधारण १,२०० ते ३,००० मीटर उंचीवरच्या जंगलात घरटं करणारा निलांग, म्हणजे व्हर्डिटर फ्लायकॅचर, थंडीत दक्षिणेकडे उतरतो. त्यातले काही ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातही येतात. तरी अनेकजण त्याला न बघताच परततात, कारण माशीमार (फ्लायकॅचर) म्हटलं की नजर ओढ्याकाठच्या सावलीत जाते. हा पक्षी बसतो उंच शेंड्यावर, उघड्यावर.

या फेरीतला नर निष्पर्ण काटेसावरीच्या टोकाशी होता. हवेत झेपावून किडा टिपायचा आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत. म्हणून उडाला तरी मागे धावू नका, जागीच थांबा. पाठलाग केला की तो पुढचं झाड धरतो आणि मग हाती लागत नाही.

उजेडाचं गणित मात्र नीट समजून घ्या. ठाण्यातल्या उपवनकडून जंगलाच्या फाटकातून आत जाताना तोंड पश्चिमेला, ऊन पाठीवर. सकाळी सात ते साडेनऊ याच दिशेने चाला. परतताना ऊन समोरून येतं आणि तोच निळा पक्षी काळा ठिपका दिसतो. फोटोसाठी ४०० मिमी लेन्स आणि १/१००० सेकंद शटर ठेवा. मागे पांढुरकं आकाश असेल तर एक्स्पोजर +१ करा. थेट उन्हात उलट: निळा रंग जळून पिसांचा पोत जातो, तिथे थोडं कमी करा.

ओळखताना घोटाळा दोघांशी होतो. टिकेलच्या माशीमाराची छाती नारिंगी असते आणि तो खाली झुडपांत राहतो. काळ्या मानेचा मोनार्क हाही निळा पक्षी, पण त्याच्या नराचं पोट पांढरं असतं. निलांग नर सगळाच हिरवट निळा, चोच आणि डोळा यांच्यामध्ये काळा डाग. मादी फिकी, तो डाग करडा.

८×४२ दुर्बीण पुरते. आत शिरण्याआधी फाटकावर सध्याचे नियम आणि परवानगी विचारून घ्या. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. थंडीत त्याला सगळा वेळ खाण्यासाठी हवा असतो. संध्याकाळी जाणार असाल तर अंधाराआधी बाहेर पडा, हे बिबट्याचं जंगल आहे.