कंदाचे वय

शाहूवाडी तालुक्यातील एका उताराच्या वरकस एकरावर मेस बांबूच्या लागवडीची आखणी मी करून दिली होती. ५ बाय ५ मीटर अंतराने एकरात १६० खड्डे बसतात. त्यांपैकी ४० खड्ड्यांत गेल्या जूनमध्ये कंद लावले आणि उरलेले १२० यंदासाठी ठेवले. कंद शेताचे मालक आबा यांच्याच बांधावरच्या बांबूच्या तीन जुन्या बेटांचे होते, आणि ही तिन्ही बेटे त्यांच्या वडिलांनी एकाच बेटाचे कंद फोडून लावलेली.

कंद काढणे हे नजरेचे आणि हाताचे काम आहे. बेटाच्या कडेची एक वर्षाची काठी निवडावी लागते. तिच्या पेरांवर अजून खोळ चिकटलेली असते. काठी वरून छाटून भोवतीची माती हाताने मोकळी करायची आणि कंदाची मान जुन्या कंदाला जिथे जुळते, नेमका तिथेच घाव घालायचा. घाव चुकून कंदावरचे डोळे दुखावले, की तो कंद लावूनही पुढे कोंब देत नाही.

मेअखेरीस आम्ही कुदळी घेऊन गेलो, तेव्हा तिन्ही बेटांत मिळून एक वर्षाच्या जेमतेम नऊ काठ्या सापडल्या. गेल्या पावसाळ्यात कोंब फारसे आलेच नाहीत, हे आबांनी मला पूर्वीच सांगितले होते. दोष त्यांनी रानडुकरांना दिला आणि मीही तो मान्य केला. त्या दिवशी प्रथमच मान वर करून शेंडे नीट पाहिले. मेस उन्हाळ्यात पाने गाळतो, त्यामुळे उघड्या बेटाचे नवल वाटले नव्हते. पण पेरापेरावर वाळक्या, काटेरी दिसणाऱ्या फुलोऱ्याचे गोंडे लागले होते आणि खाली गव्हासारखे बी सांडले होते.

“तीस वर्षं ही बेटं बघतोय न्हवं मी, असलं कधी झालं न्हाई,” आबा म्हणाले. तेच तर दुखणे होते. मेस साधारण २५ ते ४५ वर्षांनी एकदाच फुलतो आणि मग समूळ वाळतो. कंदापासून लावलेले रोप आपल्या आईचेच वय घेऊन येते. त्यामुळे माझ्या आखणीतले ते ४० कंद दिसायला एक वर्षाचे असले तरी वयाने म्हातारेच होते. वर जाऊन पाहिले, तर कमरेइतक्या दोन रोपांनाही फुलोरा आलेला!

२०१७ मध्ये बांबू कायद्याच्या लेखी वृक्ष राहिला नाही, तेव्हापासून चर्चासत्रांत एकरी उत्पन्नाचे आकडे पडद्यावर झळकत असतात. पण कंदाचे वय विचारणारा श्रोता मला तिथे भेटलेला नाही, आणि खरे सांगायचे तर सांगणारा वक्ताही नाही. अर्थात, तो प्रश्न मी स्वतःही विचारला नव्हता.

घुशी आणि उंदीर बी फस्त करण्याआधी आम्ही बेटांखाली ताडपत्री अंथरून दोन बुट्ट्या बी गोळा केले. या बियांची रोपे मात्र खरोखरच शून्य वयाची असतील. उरलेली ३८ रोपे उपटावीत, असे मी सुचवले. पण त्यांना हिरवी पालवी असताना आबा तयार झाले नाहीत, आणि आग्रह धरण्याचे तोंड मला उरले नव्हते. बी वाफ्यात पेरले आहे. रोपे पुढच्या जूनमध्ये लावणीजोगी होतील. तोवर रिकाम्या १२० खड्ड्यांच्या मधल्या पट्ट्यांत आबांनी नाचणी लावली आहे.