बटणांचे डोळे

आमच्या घरचं सेन्सॉर बोर्ड म्हणजे मी. नेमणूक कोणी केली आठवत नाही, मानधनाचं तर नावच नको. पण नातीला काय दाखवायचं आणि काय नाही हा प्रश्न निघाला की सूनबाईचा पुण्याहून फोन येतो, "आई, तुम्ही आधी बघून घ्या ना." तीस वर्षं चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल घेतलेल्या बाईला बरंवाईट नजरेनंच कळतं, असा तिचा समज आहे. तो मीही मोडत नाही.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत नात नगरला आली ती 'कोरलाइन' बघायचाच असं ठरवून. वय वर्षं नऊ. वर्गातल्या दोघीतिघींनी बघितलाय, एकीच्या दप्तराला तर त्यातलं काळं मांजर लटकतंय म्हणे. सिनेमा तसा जुना, २००९चा. अमेरिकेत २०२४ साली तो पुन्हा थिएटरात लागला.

"भुताचा आहे का गं?" मी विचारलं.

"भुताचा नाही आजी, आईचा आहे. दुसऱ्या आईचा. तिला डोळ्यांच्या जागी बटणं असतात."

मेथी निवडता निवडता माझा हात थांबला.

आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांत ही चर्चा जरा जास्तच चघळली जाते. शेजारपाजारी मुंजा, हडळ, चेटकीण ही मंडळी गोष्टीतली असतात, गोष्ट संपली की जातात. आमच्याकडे त्यांना कलम लागतं. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणारे, चेटूक करणारे, मेलेल्यांना विचारायला जाणारे असे सगळे एका रांगेत उभे करून ठेवलेत आणि यांच्या वाटेला जायचं नाही म्हणून ताकीद दिलीय. त्यामुळे २००१ साली हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा आला तेव्हा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतरचा चहा कितीतरी रविवार कपातच गार होत होता. मुलं झाडूवर बसायला शिकतील आणि पवित्र शास्त्र बाजूला पडेल, असा एकंदर सूर. चार वर्षांनी नार्नियाचा सिनेमा आला. त्यातही चांगली धडधडीत चेटकीण. सिंहाला दगडी मेजावर बांधून सुरा खुपसते. पण लेखक ख्रिस्ती, सिंह म्हणजे येशूच हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून ती चेटकीण चालली. चालली कसली, तेच लोक मुलांना घेऊन तिकिटाच्या रांगेत उभे! तेव्हापासून चेटकीण आहे की नाही एवढ्यावर निकाल द्यायचं मी सोडून दिलंय.

सरकारी शिक्क्याचा आधार घ्यावा, तर तोही अर्धाच. २०२४च्या नियमांनी आपल्याकडे यूएच्या तीन पायऱ्या केल्या, ७+, १३+ आणि १६+, ते बरंच झालं. अमेरिकेत कोरलाइनला पीजी दिलंय, म्हणजे आईबापांनी आपलं आपण बघून घ्यावं. आईबापांनी ते आजीवर ढकललं. फिरून फिरून भोपळे चौकात. शिवाय शिक्का वय सांगतो; लाइट गेल्यावर ही मुलगी मोरीपर्यंत एकटी जाते की नाही, ते शिक्क्याला कुठून माहीत असणार?

तर रात्री सगळे झोपल्यावर टॅब घेऊन, कानात ते बोळे घालून मी बसले. सुरुवातच अशी, की सुयांसारखी बोटं असलेले दोन लोखंडी हात एका कापडी बाहुलीची शिवण उसवतात. केस काढतात, डोळे कापून टाकतात, तिला उलटी करून आतलं भरण उपसतात. मग नवं भरण, नवे केस, आणि शेवटी दोन काळी बटणं. सगळं अगदी हळुवार, टापटीप. मी जन्मभर शिलाई मशीनवर बसलेली बाई. मला त्या हातांची सफाई आवडली आणि आवडली म्हणूनच अंगावर काटा आला.

(एक सांगून टाकते. हा सिनेमा बाहुल्यांचा आहे, खऱ्या वीतभर बाहुल्यांचा. एकेका फोटोला बाहुली कणभर हलवायची, असे सेकंदाला चोवीस फोटो. कोरलाइनच्या अंगातला चांदण्यांचा स्वेटर कोणीतरी केसासारख्या बारीक सुयांवर खरोखर विणलाय. ते वाचल्यावर मी बराच वेळ स्वेटरच बघत बसले, निकालाचं काम राहिलं बाजूला.)

गोष्ट साधी आहे. अकरा वर्षांची कोरलाइन आईबापांबरोबर नव्या घरात राहायला येते. दोघंही दिवसभर संगणकासमोर. लिहितात बागकामाच्या कॅटलॉगसाठी, आणि दाराबाहेरच्या मातीत पाय ठेवत नाहीत. स्वयंपाक बापाकडे, तो हिरवट लगदा वाढतो. एका खोलीत भिंतीच्या कागदाखाली लपलेलं लहानसं दार असतं. दारापलीकडे असंच घर आणि अशीच आई, फक्त हिच्याकडे वेळ आहे. भाजलेली कोंबडी आहे, केक आहे, बाप पियानोवर गाणी म्हणतो, बाग फुललीय. डोळ्यांच्या जागी बटणं आहेत एवढंच. मग एके रात्री ती लाडानं एक डबी पुढे सरकवते. आत दोन काळी बटणं, सुई आणि दोरा. कायमची राहा, पण त्याआधी एवढं शिवून घेऊ.

मी टॅब थांबवला, उठून पाणी प्यायले. खोटं कशाला सांगू.

मला आठवलं होतं ते वेगळंच. वडिलांच्या पेटीत एक पुस्तिका होती, माणसाच्या हृदयाच्या चित्रांची. गॉसनर नावाच्या जर्मन धर्मोपदेशकानं ती १८१२ साली काढली आणि मिशनऱ्यांनी ती जगभर नेली. पानभर मोठं हृदय आणि आत जनावरं भरलेली. गर्वाचा मोर, खादाडपणाचं डुक्कर, आळसाचं कासव, रागाचा वाघ, हेव्याचा साप, आणि मधोमध शेपटीवाला सैतान. पुढच्या पानांवर जनावरं बाहेर पडताना दिसायची, पण मी पुढच्या पानांवर जातच नसे. पाचसहा वर्षांची होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीवर हात ठेवून कासव हलतंय का ते बघायची. त्या पुस्तिकेवर कोणीही कधी शिक्का मारला नव्हता. ती चांगल्या घरातली पुस्तिका होती.

आणि संडे स्कूलमध्ये मी स्वतः काय कमी केलंय? याएल बाईनं झोपलेल्या सीसरा सेनापतीच्या कानशिलात तंबूची मेख ठोकली, ते शास्ते पुस्तकातलं. अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणणाऱ्या बेचाळीस पोरांना दोन अस्वलींनी फाडलं, ते 'दुसरे राजे' पुस्तकातलं. शौल राजा रात्री वेष बदलून एनदोरला त्या भूतविद्येच्या बाईकडे गेला आणि मेलेला शमुवेल संदेष्टा वर आला, तो तर आमच्या मुलांचा लाडका धडा. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "बाई, तो झगा घालून आला होता का?" मी सांगायची, होय, घालून आला होता, तसं लिहिलंय. प्रकटीकरणातलं सात डोक्यांचं श्वापद मी खडूनं फळ्यावर काढलंय, शिंगं दहाच भरावीत म्हणून मोजून.

वसईच्या मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी फोन लावला. ती कॅथलिक, तिच्याकडचे हिशेब वेगळे. बटणांचे डोळे ऐकून ती हसत सुटली. "अगं, संत लुसीचं चित्र बघितलंयस ना? ती तर आपले डोळे ताटलीत घेऊन उभी असते. आम्ही पोरींना तिच्याच नावानं हाक मारतो." १३ डिसेंबरला तिचा सण, हेही सांगितलंन. यावर मी काय बोलणार?

म्हणजे अंधाराबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रारी होत्या त्या भलत्याच जागी निघाल्या. खालच्या मजल्यावर दोन म्हाताऱ्या नट्या राहतात, त्या कोरलाइनच्या कपात उरलेला चहाचा चोथा बघून तिचं भविष्य सांगतात. सांगतात ते खरंही होतं. वर भोक असलेला एक खडा तिच्या हातात देतात, त्यातून बघितलं की हरवलेली वस्तू दिसते. म्हणजे शकुनही आला आणि ताईतही आला, अनुवादाच्या रांगेतले दोन गडी. त्यावर कळस म्हणजे दुसऱ्या दुनियेतला त्याच दोघींचा रंगमंचावरचा नाच, कपड्यांच्या नावानं बोंब. मोठ्यांसाठीचा विनोद मुलांच्या सिनेमात कशाला घुसडतात, देव जाणे. आणि एवढ्या संकटात त्या पोरीला वर बघून कोणाला हाक मारावी असं एकदाही वाटत नाही. तिच्या मदतीला येतं ते मांजर.

पण मला एक गोष्ट मनापासून पटली. ती दुसरी आई मुलाला मारत नाही, रागवत नाही, आधी जेवू घालते. आणि तिची दुनिया पुरी नाही. कोरलाइन घरापासून लांब चालत जाते तर झाडं विरळ होतात, पुसट होतात, मग नुसतं पांढरं आणि चालता चालता पुन्हा तेच घर. आमचे एक जुने पाळकसाहेब संत अगस्तीनचं सांगायचे की वाईटाला स्वतःचं असं काही नसतं, चांगल्याचा अभाव म्हणजेच वाईट. तासाच्या उपदेशात मला ते कळलं नव्हतं. इथं पांढऱ्या पडद्यावर अर्ध्या मिनिटात दिसलं. वाईट इथं गोड दिसतं, पण त्याला चांगलं कोणी म्हणत नाही. गोड बोलून चेटकिणीचीच बाजू घेणारे सिनेमे मी पाहिलेत. त्यांच्यावर शिक्का मात्र अगदी स्वच्छ असतो.

सूनबाईला हे सगळं फोनवर सांगितलं. नाचाचा भाग मी पुढे ढकलेन, दिवसा दाखवेन, शेजारी बसेन. ती ऐकत होती. मग आईबाप दिवसभर संगणकासमोर असतात तो भाग आला आणि पलीकडे शांतता पसरली. मीटिंगमधल्या कोणाचा तरी आवाज लहानसा ऐकू येत होता.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी दाखवला तर?"

हा सिनेमा कोणाला झेपणार नाही ते मला तिथं कळलं. मी काही बोलले नाही. मुलगा तिथंच होता, त्याच घरात दुसऱ्या टेबलावर, त्याला तर हा प्रश्न पोचलाच नव्हता. संध्याकाळी तिचा मेसेज आला, "दाखवा. मला पण लिंक पाठवा."

दाखवला. दुपारी तीनला, खिडक्या उघड्या ठेवून, कुरड्या तळून. नात सुरुवातीला पाय सोडून बसली होती, डबी पुढे आली तेव्हा पाय वर घेतले, शेवटच्या पाठलागात ती माझ्या मांडीवर होती. बटणं शिवून घेतलेली तीन मुलं तिथं आधीच अडकून पडलेली असतात, त्यांच्यासाठी थोडी रडली. खड्याबद्दल मी माझं भाषण तयार ठेवलं होतं. तिनं खड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाली, "तिला प्रार्थना कोणी शिकवली नव्हती का?"

आमच्याकडे रात्री जेवणानंतर कुटुंबप्रार्थना असते. प्रभूची प्रार्थना नातीला तोंडपाठ आहे, आणि त्यातली एक ओळ ती नेहमी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणते, "आम्हांला परीक्षेत आणू नकोस." मार्च महिन्यात तर आवाज गल्लीत जातो. ती परीक्षा म्हणजे गणिताचा पेपर नव्हे, हे मी तिच्या बापालाही समजावत होते, त्याच्या वर्गालाही. मोह म्हणून बघितलं, पारख म्हणून बघितलं, सैतानानं येशूला उंच डोंगरावरून जगातली राज्यं दाखवली तेही सांगून झालं. मुलं मान हलवायची आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा ओरडायची.

त्या रात्री ती त्या ओळीशी आली आणि अडखळली. एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

"आजी, केक ठेवलेला असतो तशी परीक्षा?"

"तशी," मी म्हटलं.

पुढची ओळ तिनं हळू म्हटली.

दुसऱ्या दिवशी तिच्या फ्रॉकचं बटण तुटलेलं दिसलं म्हणून मी बटणांचा डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, चाळीस वर्षांची बटणं त्यात. ती शेजारी येऊन बसली आणि डबा ढवळू लागली. तळातून ह्यांच्या जुन्या कोटाची दोन मोठी काळी बटणं वर आली, चार भोकांची. तिनं ती तळहातावर शेजारी शेजारी ठेवली, जरा वेळ बघितली. मग एक परत डब्यात टाकलं, उठली, आणि दुसरं माझ्या मशीनच्या खणात, अगदी मागच्या बाजूला, ठेवून आली.