पहिल्यांदा काय उघडता?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या दोन मोटारसायकली उभ्या असतात. एक येझदी, सहा व्होल्टची, पॉइंटवाली, म्हणजे जिची ठिणगी उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर चालते. दुसरी हिरो होंडा सीडी हंड्रेड. रविवारी सकाळी मी खाली पाट टाकून बसलेला दिसलो की येता-जाता कुणीतरी थांबतंच आणि प्रश्न ठरलेला असतो, "काका, गाडी बंद पडली की तुम्ही पहिल्यांदा काय उघडता?" विचारणाऱ्याला उत्तर ‘प्लग’ किंवा ‘कार्बोरेटर’ असं हवं असतं. मी "काहीच नाही" म्हणालो की त्याला वाटतं, काका टाळतायत. टाळत नाही हो. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगतो.

बिघाड झाला की गाडीत त्याच्या खुणा राहतात, आणि पाना लावला की पहिल्या त्याच पुसल्या जातात. प्लग काढला, पुसला, घासला, परत बसवला. आता मला सांगा, काढला तेव्हा तो ओला होता की कोरडा? आठवत नाही. ओला असता तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, कोरडा असता तर पेट्रोलच येत नाही, एवढं मोठं उत्तर त्या चिंधीला पुसलं गेलं. म्हणून पाना नंतर, आधी चौकशी. आणि तीही गाडीची नाही, मालकाची.

बंद कशी पडली? चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गेली, तर बहुतेक करंट गेला, म्हणजे ठिणगीची वीज. आचके देत, पिकअप सोडत गेली आणि चोक ओढल्यावर जरा सावरली, तर पेट्रोल कमी पडतंय. पावसात किंवा धुतल्यानंतरच रुसते? प्लग कॅप आणि जाड वायर बघा. अंधारात चालू करून पाहिलं तर ठिणग्या बाहेरच उडताना दिसतात. गरम झाल्यावर बंद पडते आणि वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी चालू होते? हे प्रकरण अवघड, त्यावर येतोच. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, जो कुणाला आवडत नाही: शेवटचा हात कुणी लावला होता आणि कशाला? काल क्लच वायर बदलली आणि आज हेडलाइट गेला असेल तर हेडलाइटचा बल्ब आणायला धावू नका. क्लच वायर ओढताना हेडलाइटच्या मागचा कुठला जोड निसटला ते आधी बघा.

आमच्या मागच्या बिल्डिंगमधला एक मुलगा शिरवळला कामाला जातो. त्याने जुनी सीडी हंड्रेड घेतली, हौसेने घेतली. गावात फिरताना काही तक्रार नाही, पण कात्रजचा चढ लागला की जुन्या बोगद्याच्या अलीकडे आचके देऊन बंद. जरा वेळ थांबलं की चालू. तो माझ्याकडे आला तोवर प्लग बदलून झाला होता, ठिणगीची कॉइल बदलून झाली होती, कार्बोरेटर दोनदा साफ झाला होता आणि आता "इंजिनकाम निघालंय" असं त्याला सांगण्यात आलं होतं. वर त्याचा स्वतःचा एक सिद्धांत होता: एका ठरावीक पंपावर टाकी फुल केली की हमखास बंद पडते, म्हणजे पंपवाला पाणी घालतो.

"फुल केल्यावरच पडते? अर्धी असताना?"

"अर्धी असताना बरीच लांब जाते काका. म्हणून तर म्हणतोय, पेट्रोलच खराब."

इथे माझं काम जवळजवळ संपलं होतं. मी त्याला एवढंच म्हणालो, "अरे, पुढच्या वेळी बंद पडली की बाकी कशाला हात लावू नकोस. आधी टाकीचं झाकण उघड आणि कान दे." दोन दिवसांनी फोन आला. झाकण उघडल्याबरोबर सुस्स करून हवा आत गेली आणि थोड्या वेळात गाडी चालू.

टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढीच हवा वरून आत यायला हवी, आणि त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. पावसात पाणी जातं म्हणून आधीच्या मालकाने तिथे एमसील थापलं होतं. गावात सावकाश चालवताना लागणारी हवा झाकणाच्या जुन्या रबरातून कशीबशी शिरायची. चढावर पेट्रोल जास्त लागतं, तेवढी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. मग फुल टाकीलाच का? कारण फुल टाकीत वर हवेची जागा अगदी थोडी. कपभर पेट्रोल गेलं तरी त्या जागेतला दाब एकदम उतरतो. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, तिथे तेवढीच ओढ पडायला बरंच अंतर जावं लागतं. बिचारा पंपवाला उगाच बदनाम झाला. झाकणाचं भोक बारीक तारेने मोकळं केलं. खर्च शून्य, आणि उगाच काढलेली चांगली कॉइल घरात स्पेअर म्हणून पडली.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत दुसरा संशयित म्हणजे करंट. कॉइल, ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल, पॉइंटवाल्या गाडीत कंडेन्सर हे गरम झाल्यावर दगा देतात आणि गार झाल्यावर साळसूद होतात. म्हणून तपासणी गाडी बंद पडेल तिथेच, रस्त्याच्या कडेला. ढकलत घरी आणली, चहा घेतला, मग प्लग काढला, तर करंट मस्त येतोय. येणारच. पुरावा गार झाला. सीटखाली एक जास्तीचा प्लग आणि प्लग पाना ठेवा. गाडी थांबली की कॅप काढून त्या दुसऱ्या प्लगला लावायची, प्लगचा धातू इंजिनच्या फिनला, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यांना, नीट टेकवायचा आणि किक मारायची. इंजिनातला प्लग काढायचीही गरज नाही, आणि उघड्या भोकातून येणाऱ्या वाफेजवळ ठिणगी पाडायचा धोकाही नाही. फक्त टेकवणं पक्कं हवं. सीडीआयच्या गाडीत, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबा असलेल्या गाडीत, प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, सीडीआयला ते सोसत नाही.

माझ्या येझदीने हे मला चांगलं शिकवलंय. सकाळी दुसऱ्या किकला चालू व्हायची, स्वारगेटपर्यंत खुशीत, नंतर मिसिंग, आणि सिग्नलला थांबली की गप्प. कव्हर काढून पॉइंटकडे बघत किक मारली तर पॉइंट उघडताना निळी ठिणगी पॉइंटवरच फडफडत होती, आणि प्लगला मात्र मरतुकडी, पिवळट. हे कंडेन्सर जाण्याचं सरळ लक्षण. पॉइंट उघडतात तेव्हा तिथला करंट झेलून घ्यायचं काम कंडेन्सरचं. तो गेला की ठिणगी चुकीच्या जागी पडते आणि पॉइंटही जळतात. खात्री करायला काही खोलावं लागत नाही. नवीन कंडेन्सरची वायर पॉइंटच्या वायरला जोडायची, त्याची बॉडी इंजिनला आवळायची आणि एक चक्कर मारून यायची. माझा नवीन कंडेन्सर मग मी आत बसवलाच नाही. टाकीखाली कॉइलच्या शेजारी लावून टाकला, इंजिनच्या उष्णतेपासून लांब. सर्किट तेच राहतं, त्याला फरक पडत नाही आणि कंडेन्सर सुखात राहतो. पॉइंट घासलेत तर नंतर कोऱ्या कागदाचा तुकडा मधून ओढून घ्या, पॉलिश पेपरची पूड राहिली तर पुन्हा तीच रड. पॉइंटमधली गॅप ०.४ मिलिमीटरच्या आसपास, फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने. आणि आधी गॅप, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. उलटं केलं तर गॅप बदलताना टायमिंग पुन्हा हलतं.

पेट्रोलची परीक्षा त्याहून सोपी. कार्बोरेटरकडची नळी काढा, बाटलीत धरा, कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग मंद होत गेली तर पुन्हा झाकण. पहिल्यापासूनच थेंब थेंब तर कॉकची जाळी. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून तेही काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली की ते पाणी मिसळायची हद्द ओलांडतं, वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो. या गाड्यांच्या नळ्या आणि ओ-रिंगा त्या पेट्रोलसाठी बनलेल्याच नव्हत्या. महिनाभर गाडी लावायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवा.

वायरिंगला लोक फार घाबरतात. निम्मं वायरिंग म्हणजे अर्थिंग, हे लक्षात ठेवलं तर भीती कमी होते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतात, हॉर्न दिला की टेल लाइट लुकलुकतो: असं एकाचं दुसऱ्याला लागायला लागलं की अर्थ बघा, बाकी काही नाही. हौसेने चासी पावडर कोटिंग करून आणलेल्या गाडीत तर हे ठरलेलंच. रंग इतका सुंदर बसतो की जिथे वायर उघड्या लोखंडाला टेकायची तिथेही बसतो. तेवढी जागा खरवडा. आणखी एक गैरसमज दूर करतो. जुन्या सीडी हंड्रेडला स्लो रेसवर हेडलाइट मिणमिणतो आणि रेस केली की उजळतो, म्हणून लोक बॅटरी बदलतात. त्या गाडीत हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या विजेवर चालतो, तो असाच असायचा. पॉइंटवाल्या येझदीचं मात्र उलट. तिथे बॅटरी मेली की ठिणगीच नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू, त्यांच्याबद्दलही विचारतात, "आवाज येतोय, आवळू का?" सीडी हंड्रेडला गार इंजिनवर फट ०.०५ मिलिमीटर, हे मोजून. जास्त आवळलेले टॅपेट अगदी शांत असतात आणि व्हॉल्व्ह जाळतात. थोडा वाजणारा टॅपेट मला चालतो.

आता पार्ट. ‘नवीन लावलाय’ म्हणजे ‘चांगला आहे’ असं मी धरत नाही. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. आज मिळणारा येझदीचा पार्ट एकतर तेव्हाचा जुना स्टॉक, नाहीतर कुणीतरी नंतर बनवलेला. नाना पेठेत दोन्ही मिळतात, किंमतही कधी कधी सारखीच असते. जुना पार्ट हातात घेऊन जा, शेजारी ठेवून बघा, आणि चालत असलेला काढलेला पार्ट फेकू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलून गाडी चालू झाली तर कशाने झाली हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हीचे पैसे जातात. ओ-रिंग, ऑइल सील, नटबोल्ट बोहरी आळीत. पाने जुन्या बाजारातही चांगले सापडतात, फक्त तोंड पसरलेला पाना स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जपानी घडणीच्या इंजिनावरच्या फुलीच्या स्क्रूंना आपला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर नीट बसत नाही, तो उसळून वर येतो आणि डोकं गोल करून ठेवतो. त्या मापाचा वेगळा मिळतो, जे-आय-एस (जपानी मापाचा) म्हणून मागा. घट्ट स्क्रूला इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडी.

मी काय करत नाही तेही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. बोअर करणं, क्रँक दाबून काढणं, आटे गेलेल्या भोकात बुश बसवणं ही लेथवाल्याची कामं. तिथे मी फक्त माप लिहिलेला कागद घेऊन जातो. ब्रेक शू मी घरी बदलतो, पण ड्रममधली धूळ फुंकत नाही. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. गंजलेली टाकी कुणी वेल्डिंग करायला घेऊन आलं तर मी सरळ परत पाठवतो, रिकामी दिसणारी टाकी आतल्या पेट्रोलच्या वाफेमुळे भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

रविवारी दहापर्यंत मी खालीच असतो. या, पण येताना गाडी धुऊन आणू नका. निम्मे लोक काकांना दाखवायची म्हणून चकचकीत करून आणतात आणि मग सांगतात, ऑइल गळतंय. धुळीवर तेलाचा ओघळ कुठून सुरू होतो ते मला बघायचं असतं. नंतर आपण दोघं मिळून धुऊ, गळती पुन्हा दिसावी म्हणून वर टाल्कम पावडर भुरभुरवू आणि एक चक्कर मारून येऊ.